खाऱ्या टँकमधला लाल थर आणि खाण्याचा डबा
सदर : घरातले सोबती

खाऱ्या पाण्याची फिश टँक घरात आली की पहिले दोन-तीन महिने सगळं घर तिच्याभोवती फिरतं. पाहुण्यांना आधी टँक दाखवायची, मग चहा. पांढरीशुभ्र वाळू, निळसर लाइट आणि खडकाच्या कपारीत ये-जा करणारी क्लाउनफिशची जोडी. मग एका सकाळी वाळूच्या कोपऱ्यात लालसर-जांभळा डाग दिसतो. चार दिवसांत तो हाताच्या पंजाएवढा होतो. आठवडाभरात वाळू, खडक, पंपाची मागची बाजू, सगळीकडे मखमलीसारखा लाल थर पसरतो आणि त्यावर बारीक बुडबुडे चमकतात.

इथून घाई सुरू होते. घरातलं कुणीतरी म्हणतं, “टँक सडली, काढून टाका.” कुणी म्हणतं, “सगळं पाणी ओतून घासून घ्या.” दुकानात विचारलं तर एखादी बाटली हातात पडते. म्हणून या वेळच्या सदरात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते: हा लाल थर दिसायला कितीही भयंकर असला, तरी तो एकदम माशांचा जीव घेत नाही. तो घालवायच्या घाईत मात्र मासे जातात. त्यामुळे पहिला उपाय एकच. एक दिवस काहीही करू नका, फक्त टँकचं नीट निरीक्षण करा.

हे शेवाळ नाही

आपण याला सवयीने शेवाळ म्हणतो, पण हे आहेत सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर जगणारे जिवाणू. शाळेच्या पुस्तकात ‘नील-हरित शैवाल’ वाचलं असेल, ते हेच. खाऱ्या टँकमध्ये ते बहुतेकदा लाल किंवा जांभळे दिसतात, कारण त्यांच्यात फायकोएरिथ्रिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं.

तसे हे आपल्या ओळखीचेच. दुकानात स्पिरुलिनाच्या गोळ्या मिळतात, तो सायनोबॅक्टेरियाच. शेतकरी गुरांना अझोला घालतात, त्या अझोलाच्या पानांत ॲनाबिना नावाचा सायनोबॅक्टेरिया राहतो आणि हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो. उन्हाळ्याच्या सुमारास गोवा-कोकणच्या समुद्रात पाण्यावर भुश्शासारखे पट्टे दिसतात, तो ट्रायकोडेस्मियमही याच कुळातला. आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांमुळे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे जो जीव इतकी वर्षं टिकला, तो एका बाटलीने तुमच्या टँकमधून कायमचा जाणार नाही. तो प्रत्येक टँकमध्ये थोडा असतोच. त्याला पसरायला जागा, खाणं आणि निवांतपणा मिळू न देणं एवढंच आपल्या हातात आहे.

आधी ओळख पटवा

टँकमध्ये येणारा प्रत्येक थर सायनोचा नसतो आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून हे पाहा:

• सायनो : लाल, जांभळा, कधी गडद हिरवा. चादरीसारखा सलग थर. नळीने ओढला की दुधावरच्या सायीसारखा तुकड्यांनी निघतो. दिवसा त्यावर बुडबुडे दिसतात, रात्री लाइट बंद झाल्यावर थर थोडा ओसरतो.

• डायटम : तपकिरी, पावडरीसारखा. बोट फिरवलं की पुसला जातो. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येतो आणि बहुतेकदा आपोआप जातो.

• केसांसारखं हिरवं शेवाळ : धागे खडकाला घट्ट धरून असतात, ओढल्याशिवाय निघत नाहीत.

• डायनोफ्लॅजेलेट : तपकिरी, शेंबडासारखा चिकट, तारा लोंबतात आणि तारांच्या टोकाला बुडबुडे असतात.

शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्या. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर गेलं की तो अनेकदा येतो. अशा वेळी सायनो समजून पाणी आणखी ‘स्वच्छ’ करत गेलात, तर तो वाढतच जाईल. शंका असेल तर थोडासा थर काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला चालतो. सायनोचे लांब, सरळ धागे दिसतात, तर डायनोफ्लॅजेलेटचे सुटे गोल दाणे हलताना दिसतात. घरातल्या मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतील.

तो येतो कशामुळे?

तीन गोष्टी जुळल्या की सायनो पसरतो: साचलेलं खाणं, थांबलेलं पाणी आणि भरपूर लाइट.

माशांनी न खाल्लेला दाणा वाळूत जातो, तिथे कुजतो आणि त्यातून नायट्रेट, फॉस्फेट तयार होतं. पंपाचा प्रवाह जिथे पोचत नाही, त्या कोपऱ्यात हा गाळ बसतो. त्यावर दहा-बारा तास लाइट पडला की सायनोची पंगत बसलीच म्हणून समजा. त्यातही एक गंमत आहे. काही सायनो पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूही वापरू शकतात. त्यामुळे नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट मात्र शिल्लक अशा पाण्यात इतर शेवाळं मागे पडतात आणि सायनोचं फावतं. म्हणून ‘सगळं शून्य’ हे ध्येय ठेवू नका. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या दरम्यान असलं तर साध्या घरगुती टँकला पुरे.

नव्या टँकना हा त्रास जास्त होतो, याचंही कारण आहे. आपल्याकडे कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळाचा जिवंत खडक तोडून आणणं हा गुन्हा आहे. त्यामुळे टँकमध्ये कोरडा किंवा सिरॅमिकचा खडक वापरायचा, आणि तेच योग्य आहे. फक्त अशा खडकावर उपयोगी जिवाणूंची वस्ती व्हायला काही महिने लागतात. तोवर मोकळ्या जागेवर सायनो हक्क सांगतो. सहा महिन्यांच्या आतल्या टँकमध्ये लाल थर आला, तर त्याला टँकचं बालपण समजा आणि थोडा धीर धरा.

चार हात, एक डबा

या तीन कारणांपैकी घराघरात सगळ्यात मोठं कारण असतं ते खाणं. बडोद्याला माझ्या मावशीकडे १०० लिटरची टँक आहे. त्यात दोन क्लाउनफिश आणि एक गोबी. लाल थर तिसऱ्यांदा आला तेव्हा मावसभावाने पंप बदलला, लाइटचे तास कमी केले, तरी फरक पडेना. शेवटी त्याने सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, माशांना खायला कोण घालतं?

मावसभाऊ सकाळी घालत होता. काका ऑफिसातून आले की संध्याकाळी घालत होते. मावशी रात्री झोपण्याआधी ‘थोडंसंच’ घालत होती. आणि आजी दुपारी सगळे बाहेर गेले की घालत होत्या. आजींचं म्हणणं ठाम होतं, “मुकी जनावरं ती. काचेपाशी येऊन तोंड उघडतात, भूक लागल्याशिवाय का?”

“आजी, ते श्वास घेतात गं तसा. त्यांचं तोंड कायमच उघडं असतं,” मावसभाऊ म्हणाला.

आजींनी ते लगेच मान्य केलं नाही. पण तोडगा त्यांनीच काढला. त्यांच्या औषधांच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा असतो ना, सोमवार ते रविवार लिहिलेला, तसाच एक माशांसाठी आणायला लावला. रविवारी सकाळी मावसभाऊ प्रत्येक खणात त्या दिवसाचं खाणं मोजून ठेवतो. कुणीही घाला, पण खण रिकामा दिसला की त्या दिवशीचं जेवण झालं. मोठा डबा कपाटात, वरच्या कप्प्यात. पाच आठवड्यांनी थर गेला. डब्याची जबाबदारी आता आजींकडे आहे आणि त्या कुणालाही जास्तीचा एक दाणा घालू देत नाहीत.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की कुणालाही दोष द्यावा लागला नाही. माशांना खायला घालणं हा टँकमधला सगळ्यात आनंदाचा भाग आहे, तो कुणाकडून काढून घेऊ नका. फक्त एकूण किती हे मोजा. दोन-तीन छोट्या माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा किंवा विभागून दोनदा पुरतं. फ्रोझन आर्टेमिया देत असाल तर तो वितळवून वेगळ्या ठेवलेल्या चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्याने धुऊन घ्या. त्याचं गढूळ पाणी टँकमध्ये ओतू नका.

सहा आठवड्यांचा बेत

आता प्रत्यक्ष काम. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याला आठवडाभर वेळ द्यायचा.

पहिला आठवडा : नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया आणि खारेपणा तपासून वहीत लिहा. खारेपणा १.०२५ च्या आसपास हवा, अमोनिया शून्य. लाइट टायमरवर आठ तासांवर आणा. टँकवर खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर पडदा लावा. खाणं मोजायला सुरुवात करा.

दुसरा आठवडा : थर काढा. एअर पंपाला वापरतात तसली बारीक नळी घ्या आणि थराची चादर बादलीत ओढून घ्या. थर ढवळू किंवा घासू नका, नाहीतर त्याचे तुकडे टँकभर पसरतात. १०० लिटरच्या टँकमधून १० ते १५ लिटर पाणी निघालं की थांबा आणि तेवढंच नवं खारं पाणी घाला. वाळू एकदम सगळी साफ करू नका, दर आठवड्याला पाव भाग पुरे. उपयोगी जिवाणूंचं घरही त्याच वाळूत असतं.

तिसरा आठवडा : पाण्याचा प्रवाह बघा. वेव्हमेकरची दिशा बदला, जेणेकरून थर येतो त्या कोपऱ्यात पाणी हलेल. १०० लिटरच्या टँकला सगळे पंप मिळून ताशी साधारण २००० लिटर पाणी फिरायला हवं. वाळू उडत असेल तर पंप थोडा वर वळवा. फिल्टरमधला कापूस दर तीन-चार दिवसांनी बदला. त्यात अडकलेली घाण पाण्यातच असते, फक्त आपल्याला दिसत नाही. स्किमरचा कपही धुऊन घ्या.

चौथा ते सहावा आठवडा : दर आठवड्याला थर ओढणं आणि १० ते १५ टक्के पाणी बदलणं चालू ठेवा. मोजमाप परत करा. थर आधी पातळ होतो, मग ठिपक्यांत तुटतो, मग जातो. मध्ये एखाद्या आठवड्यात तो वाढल्यासारखा दिसेल. तेव्हा बेत बदलू नका.

गोगलगायी आणून काम होईल का, असा प्रश्न नेहमी येतो. वाळू हलवणाऱ्या गोगलगायींची थोडी मदत होते, पण बहुतेक प्राणी सायनो खात नाहीत. खाणाऱ्या तोंडांची संख्या वाढली की घाणही वाढते.

पाणी कुठलं वापरता?

बऱ्याच घरांत खारं पाणी स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यात मीठ मिसळून केलं जातं. ते आरओ पिण्यासाठी असतं, त्यात चवीसाठी क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टँकसाठी टीडीएस शून्य किंवा शून्याच्या जवळ असलेलं पाणी लागतं. टीडीएस मीटर स्वस्त असतो, एकदा मोजून बघा. आकडा मोठा असेल तर आरओनंतर डीआयचा फिल्टर लावावा लागेल.

एसीतून ठिबकणारं पाणी ‘डिस्टिल्डच तर आहे’ म्हणून वापरू नका. ते तांब्याच्या नळ्यांवरून येतं आणि तांबं कोळंबी-गोगलगायींना विष आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनीही किनाऱ्यावरचं पाणी कळशीने आणून ओतू नये, त्यात सांडपाणी किती मिसळलंय ते दिसत नाही. स्वयंपाकाचं मीठ तर मुळीच नाही. ॲक्वेरियमचं समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम घ्या, छोट्या पंपाने एक दिवस ढवळू द्या, तापमान जुळवा आणि मगच टँकमध्ये घाला.

तीन दिवसांचा अंधार

सहा आठवड्यांनी थर कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, तर अंधाराचा उपाय करता येतो. आधी जमेल तेवढा थर नळीने काढा. मग लाइट बंद करून टँक चारही बाजूंनी जाड चादरीने झाका आणि तीन दिवस तशीच ठेवा. एअर पंप मात्र पूर्ण वेळ चालू हवा. मेलेला सायनो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवाच. चौथ्या दिवशी अमोनिया तपासा आणि २० ते २५ टक्के पाणी बदला.

मासे तीन दिवसांचा अंधार सहज काढतात. टँकमध्ये ॲनिमोनी किंवा लाइटवर जगणारे इतर जीव असतील आणि ते आधीच मलूल असतील, तर हा उपाय टाळा.

बाटलीचा मोह

‘एका रात्रीत लाल थर साफ’ म्हणणाऱ्या औषधांपैकी काहींमध्ये एरिथ्रोमायसिन असतं. हे माणसांना दिलं जाणारं अँटिबायोटिक आहे, जे आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. ते सायनो मारतं, यात शंका नाही. पण सायनोही जिवाणू आणि टँक सांभाळणारे उपयोगी जिवाणूही जिवाणूच. औषधाने त्यांनाही धक्का बसू शकतो आणि अमोनिया वाढू शकतो. त्यात एवढा मोठा थर एकदम मेला की रात्रीतून ऑक्सिजन खाली येतो आणि पहाटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड मारताना दिसतात. खाण्याचं प्रमाण तेच राहिलं तर महिन्याभरात थरही परत येतो.

शिवाय ते पाणी शेवटी बेसिनमधून गटारातच जातं. अँटिबायोटिक असं सांडत गेलं की त्याला न जुमानणारे जिवाणू वाढतात, आणि उद्या ते औषध एखाद्या आजारी मुलावर चालायला हवं असतं. तीन माशांच्या टँकसाठी एवढी किंमत मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हात आणि तोंड सांभाळा

• नळी तोंडाने ओढून पाणी काढू नका. काही सायनो विषारी पदार्थ तयार करतात. नळी आधी पाण्याने भरून घ्या किंवा हातपंपाचा सायफन वापरा.
• हातमोजे घाला, जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका, नंतर साबणाने हात धुवा. लहान मुलांनी हे काम मोठ्यांबरोबरच करावं.
• ‘निर्जंतुक’ करायला टँकमधला खडक कधीही उकळू नका. त्यावर झोअँथिड जातीचे जीव असतील तर पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय घातक विष वाफेबरोबर घरभर पसरू शकतं. असे प्रकार परदेशात घडलेले आहेत.
• कंटाळा आला म्हणून मासे समुद्रात, खाडीत किंवा नाल्यात सोडू नका. ते तिथले नसतात. दुसऱ्या हौशी माणसाला किंवा दुकानाला परत द्या.

शेवटी

वही, टायमर, बारीक नळी, टीडीएस मीटर आणि सात खणांचा डबा, एवढ्या साहित्यात हा प्रश्न बहुतेक घरांत सुटतो. सगळ्यात कठीण असतं ते सहा आठवडे थांबणं, कारण थर रोज डोळ्यांसमोर असतो आणि घरात येणारा प्रत्येक जण त्यावर बोट ठेवतो. त्यांना सांगा, उपचार चालू आहेत. आज फक्त एवढंच करा: घरातल्या सगळ्यांना विचारा, माशांना कोण कधी खायला घालतं, आणि उत्तरं लिहून बेरीज करा.